ही फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. मला पटवायची हौस नाही. उलट ही कुणाला कळलीच नसती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. कारण यात भूत आहे की नाही ते मला आजही ठाऊक नाही, पण मी आहे... आणि मी त्यात फार वाईट दिसतो.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही.

या वर्षीच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. भर दुपार. गाव नरडाणा, जिल्हा धुळे.

आमच्याकडची वैशाखातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. डांबर चपलेला चिकटतं. एक वाजला की बाजारातली शटरं खाली येतात, ती चारनंतरच वर जातात. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मध्यरात्री गावात निदान एखादा ट्रक तरी जातो. त्या दुपारी तोही जात नाही.

माझं नाव स्वप्नील. जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गोतावळ्यात असा एक प्राणी असला की त्याचे काय हाल होतात ते विचारू नका. कुणाचा प्रिंटर, कुणाचा पासवर्ड. पंगतीत जेवायला बसलो तरी शेजारचा पाहुणा उष्ट्या हाताने मोबाईल पुढे करतो, "जरा बघा हो, हँग होतोय." मी तोंड वाकडं करतो, पण खरं सांगू? आतून मला ते आवडतं. आपल्यावाचून यांचं अडतं, हा माज मला होता.

नरडाण्याला रोहिदास मामांचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, अल्बम. त्यांच्याकडे गेल्या दिवाळीत मी नेटवर्क ड्राइव्ह बसवला. म्हणजे काही मोठं नाही. एक छोटा डबा, आत दोन हार्डडिस्क, माळ्यावर ठेवलेला. कॉम्प्युटरमधलं सगळं शूटिंग रोज दुपारी, दुकान बंद असताना, आपोआप वायरीतून त्या डब्यात जाऊन बसायचं. आधी नवी कामं, मग जुनी. उद्या कॉम्प्युटर मेला तरी काम जिवंत.

मी मामांना छाती फुगवून सांगितलं होतं, "आता तुम्ही निवांत झोपा."

मामा निवांत झोपले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"भाचा, कॉम्प्युटर टकटक करी ऱ्हायना. कसं करो?"

टकटक म्हणजे हार्डडिस्क चालली. हे मला फोनवरच कळलं. मी म्हटलं, "घाबरू नका मामा. बॅकअप आहे ना."

"तो डबा लाल दिवा दखाडस."

"कधीपासून?"

"काय माहीत. माले वाटनं, तो लालच राहस."

लाल म्हणजे बॅकअप होत नाहीये. आणि बॅकअप झाला नाही तर तसा मेल जायची सोय मीच केली होती. मेल मामांना नाही, मला येत होते. मामांना कशाला त्रास म्हणून. फक्त तो पत्ता मी वेगळा बनवला होता, आणि बनवल्यापासून एकदाही उघडला नव्हता.

नरडाण्याच्या पॅसेंजरमध्ये बसून उघडला.

मेलचा ढीग पडला होता. बॅकअप अयशस्वी. बॅकअप अयशस्वी. सगळे दुपारचे. पहिला संक्रांतीनंतरचा. त्या आधीची नवी कामं डब्यात गेली होती. जुन्यांची पाळी आली आणि एका फाईलपाशी गाडी अडली, ती अडलीच. प्रत्येक मेलमध्ये तीच फाईल आणि तेच वाक्य.

ही फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे.

धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, मी बघतच राहिलो. मग काय केलं माहीत आहे? सगळे मेल निवडले आणि डिलीट केले. मामांनी चुकून पाहिले असते तर तोंड कुठे लपवलं असतं?

दुकानात पोचलो तर बाकावर एक माणूस बसला होता. माझ्याच वयाचा, उन्हाने रापलेला, गळ्यात रुमाल. मी दिसताच उठून उभा राहिला, जसा काही मी डॉक्टर होतो.

मामा म्हणाले, "हाऊ ईश्वर. याना लगीननं शूटिंग आपलंच व्हतं. याले फोटो पाहिजे."

"कुणाचा?"

ईश्वर खाली बघून बोलला. "मन्ही मायना. संक्रांतले गई ती. उद्या तिनी पहिली घागर शे, भाऊ. घरमा तिना एकबी फोटो नही."

आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसांची घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी, तोंडावर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. दुपारी निखाऱ्यावर घास टाकायचा आणि नाव घेऊन बोलवायचं. त्याला आगारी म्हणतात. वर्षात गेलेल्या माणसाची ती पहिली. घरातलं सगळं गणगोत जमतं. घागरीमागे फोटो नसला तर लोक विचारतातच.

"आधारकार्डवर शे," तो म्हणाला. "पन तो पाहीसन मीच वळखत नही तिले."

कॅमेरा दिसला की ती माउली पदर तोंडावर ओढायची. यशोदाबाई तिचं नाव. फोटो असा नव्हताच. पण लग्नात पूर्ण दिवस कॅमेरा फिरत होता. त्यात ती असणारच.

"मग अल्बममध्ये बघा की," मी म्हटलं.

ईश्वरने मामांकडे बघितलं.

मामांनी मला आत ओढलं आणि हळूच सांगितलं. यशोदाबाई विधवा. ईश्वरच्या सासरची माणसं जुन्या वळणाची. हळदीला, मांडवात विधवा बाई पुढे दिसली तर कुरबूर नको, म्हणून ईश्वरनेच सांगितलं होतं की मायचे फोटो अल्बममध्ये घेऊ नका, फिल्ममध्येही ठेवू नका. मामांनी काढून टाकले. असं सांगणारा तो काही पहिला नव्हता. मामांच्या धंद्यात हे रोजचंच.

न कापलेलं, कच्चं शूटिंग मात्र कॉम्प्युटरमध्ये होतं.

मी फाईलचं नाव दोनदा वाचलं.

मेलमध्ये होती ती हीच फाईल.

योगायोग, मी मनाशी म्हटलं. अडकलेल्या ठिकाणी डिस्क खराब असेल, बाकी काही नाही.

फाईल उघडली. डिस्कने टक्... टक्... असं करत जीव खायला सुरुवात केली. चित्र अडखळत पुढे सरकलं. मांडव, बँड, नवरदेव. माझं लक्ष चित्राकडे नव्हतं. कान डिस्ककडे आणि डोळे खालच्या कोपऱ्यात, जिथे तिचं तापमान दिसत होतं.

"ही... ही माय!" ईश्वर एकदम ओरडला.

मी मान वर केली. मांडवाच्या खांबाआड फिकट निळं लुगडं दिसलं. तेवढंच. मी परत खाली बघितलं. तापमान चढत होतं.

मामा चष्मा शोधत होते. ईश्वरचे डोळे भरून आले होते. रुमालाने ते पुसत पुसत त्याने खिशातून मोबाईल काढला आणि स्क्रीनचा फोटो काढायला पुढे झाला.

मी त्याचा हात धरला.

हो, मीच धरला.

"अहो, स्क्रीनचा फोटो काय काढता? पट्टे पट्टे येतात. संध्याकाळी ओरिजिनल देतो ना. मोठा प्रिंट काढू, फ्रेम करू."

"फोटो देशात ना मंग, भाऊ?"

"माझ्यावर सोडा."

आणि मी फाईल बंद केली. डिस्कला आराम हवा होता, हे खरं. पण त्याने एक फोटो काढला असता तर डिस्कचं काय बिघडणार होतं? काही नाही. मला फक्त ते बघवलं नाही. माझ्यासारखा माणूस समोर असताना कुणी असला गावठी उपाय करावा, हे मला लागलं.

तो मोबाईल खिशात ठेवून गेला. मी शहरातला जाणकार, म्हणून गेला.

मी डिस्क थंड होऊ दिली. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. ठरवलं की आता इथे तिथे कॉपी करून जीव नको काढायला. एकदाच, दुपारी, दुकान बंद असताना, हळूहळू सगळं डब्यात जाऊ द्यायचं.

जेवायला वर गेलो. हेमलता मामी वाढत होत्या. वाढता वाढता मामांवर घसरल्या.

"आज तरी दुपारले तो बँड नका वाजाडू. पोऱ्या ऊना शे, झोपू द्या त्याले."

"कोनता बँड?" मामा म्हणाले.

"रोज दुपारले खाले लगीननी फिल्म लाई बसतस ना तुम्ही."

मामा घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. "मी रोज दुपारले आठे वर, तुन्हा शेजारे घोरस ना."

वरणात लिंबू पिळून मी हसायचा प्रयत्न केला, "शेजारचा टीव्ही असेल."

शेजारी टीव्हीचं दुकान होतं. ते लॉकडाऊनमध्ये बंद पडलं, ते परत उघडलंच नाही. हे मला जेवण झाल्यावर आठवलं.

सगळे आडवे झाले. मी खाली आलो. शटर आतून बंद. दुकानात अर्धा अंधार, वरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी. काउंटरच्या मागे मामांचा कॉम्प्युटर. त्याच्या डाव्या भिंतीपलीकडे सिलेक्शन रूम. गिऱ्हाइकांना बसून अल्बमचे फोटो निवडता यावेत म्हणून केलेली छोटीशी खोली. एक मोठा मॉनिटर, तीन खुर्च्या. तिथल्या कॉम्प्युटरचं नावही सिलेक्शन. तो वायरीतून मामांच्या कॉम्प्युटरमधले फोटो आणि फिल्म दाखवायचा.

बॅकअप सुरू केला.

फायली एकामागून एक जाऊ लागल्या. मी खुर्चीत रेललो.

आणि मग... थांबला.

ही फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे.

मी उघडलेली नव्हती. मामा वर झोपलेले. मग कुणी?

हे बघायची एक जागा असते. आपल्या कॉम्प्युटरमधली कुठली फाईल कुठल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडी आहे, त्याची यादी तिथे येते. मी ती उघडली. यादीत एकच ओळ होती.

ईश्वरच्या लग्नाची फाईल. उघडणारा कॉम्प्युटर... सिलेक्शन.

हात्तिच्या, मी म्हटलं. त्या खोलीतला कॉम्प्युटर चालू राहिला असणार. उठून बंद केला की झालं. मी उठायला पाय सरकवला.

पाय पिशवीला लागला.

होळीच्या सुमाराला त्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा सीपीयू बिघडला म्हणून मी जळगावला दुरुस्तीला नेला होता. आज परत आणला होता. टॉवेलात गुंडाळून. तो त्या पिशवीत होता... माझ्या पायाशी.

त्याला वायर नव्हती. त्याला वीज नव्हती.

आणि होळीनंतरचे मेलसुद्धा तेच सांगत आले होते.

मी हलू शकलो नाही. आपण शिकलेलो. मी स्वतःला समजावत होतो, की जुनी नोंद असेल, नेटवर्कमध्ये कुठे तरी अडकून राहिली असेल. असं होतं. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो की असं होतं.

कूलर बंद पडला.

वीज गेली नव्हती. कॉम्प्युटर चालू होता. फक्त कूलर थांबला. आणि ती घरघर थांबल्यावर मला ऐकू आलं...

बँड.

अगदी बारीक. भिंतीपलीकडून. बँड, मधेच बायकांचा गलका, मधेच भटजींचा आवाज. मंगलाष्टकं चालली होती.

मी बॅटरी हातात घेऊन त्या दारापर्यंत गेलो की नाही? नाही गेलो. जागचा उठलोच नाही. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका.

इकडे डिस्कची टकटक वाढली. टक्... टक्टक्... टक्. कूलर बंद, उकाडा भट्टीसारखा. ती आता कधीही मरणार. फाईल सुटली नाही तर आई गेली, फोटो गेला, आणि माझा शब्द गेला.

आता प्रामाणिकपणे सांगतो, त्या वेळी मला सगळ्यात जास्त काळजी कशाची होती? माझ्या शब्दाची.

यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून फाईल बंद करता येते. मी बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, वापरणाऱ्याचं काम अर्धवट राहील, नक्की बंद करायची?

हो.

बँड थांबला.

ओळ गेली. बॅकअप पुढे सरकला. मी श्वास सोडला...

ओळ परत आली. भिंतीपलीकडे बँड पहिल्यापासून सुरू झाला.

मी परत बंद केली. परत आली. मी परत बंद केली. ती परत आली. माझी भीती कुठल्या कुठे गेली आणि मला राग आला. ऐन कामात मधे मधे करणाऱ्या गिऱ्हाइकाचा येतो ना, तसाच. मी त्या भिंतीकडे बघून ओरडलो.

"अहो बाई, बाजूला व्हा ना आता! काम करू द्या!"

आवाज एकदम थांबला.

मग... खुर्ची सरकल्याचा आवाज.

मग पावलं. अनवाणी. हळू. वय झालेल्या माणसाची. दारापर्यंत आली. माझ्या खुर्चीच्या मागे, काउंटरच्या पलीकडे, क्षणभर थांबली. मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

मग पुढे काहीच नाही. शटर बंद होतं, तरी पावलं परत फिरली नाहीत.

कूलर आपोआप सुरू झाला.

यादी रिकामी होती. बॅकअप पुढे गेला, ती फाईल गेली, तिच्या पुढच्याही गेल्या. माळ्यावर डब्याचा दिवा हिरवा झाला. त्यानंतर थोड्या वेळाने मामांच्या डिस्कने एक मोठा टक् केला आणि ती कायमची थांबली. पण काम वाचलं होतं. मी जिंकलो होतो!

खोटं बोलत नाही, मला आनंद झाला.

त्या आनंदातच मी सिलेक्शन रूमचं दार उघडलं. मॉनिटर काळा, त्याची वायर लोंबत होती. दोन खुर्च्या टेबलापाशी. तिसरी मात्र मागे, पार भिंतीला टेकवून ठेवलेली, दाराच्या कोपऱ्यात. पुढे जागा असूनही कुणी तिथे बसलं होतं.

त्या खुर्चीची फोमची गादी दबलेली होती... आणि माझ्या डोळ्यांसमोर ती हळूहळू वर येत होती.

ईश्वर पाचच्या सुमाराला आला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. फ्रेमही बरोबर घेऊन आला होता, लाकडी, काच लावलेली. मामांचा कॉम्प्युटर बंद पडला होता, म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर डब्यातली कॉपी लावली.

चित्र स्वच्छ होतं. एकही अडखळ नाही. मांडव, बँड, नवरदेव. खांब आला.

खांबाआड कुणी नव्हतं.

"मव्हरे असी," मामा म्हणाले. आता त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

पुढे गेलो. हळद. बायका कोंडाळं करून उभ्या होत्या, आणि त्या कोंडाळ्यात एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी. शेजारची बाई त्या जागेकडे वळून काहीतरी बोलत होती, हसत होती, उत्तराची वाट बघत होती. निरोपाच्या वेळी नवी सून वाकून नमस्कार करत होती... आणि समोर पाय नव्हते. नुसती सतरंजी.

आम्ही पळवत पळवत शेवटपर्यंत पाहिलं. दोनदा पाहिलं. सगळं वऱ्हाड होतं. फक्त ती नव्हती.

मामा मूळ डिस्क हलवून बघत होते, जसा काही तिचा जीव परत येणार होता. मी माझी सगळी अक्कल पाजळली. फाईल खराब झाली असेल, वगैरे. बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकवेना. फाईल खराब झाली की चित्र तुटतं. माणूस निवडून काढला जात नाही.

ईश्वर रडला नाही. फ्रेम मांडीवर उलटी ठेवून बसला होता.

"तिन्हा काही दोष नही, भाऊ," तो म्हणाला. "आणि तुमनाबी नही. लगीनना दिन ती मन्हा शेजारे येईसन उभी राहिनी व्हती. मी तिले सांगं, माय, तू बाजूले व्हय."

मग म्हणाला, "जनमभर मन्हं ऐकत ऊनी ती. आतेबी ऐकी लिधं."

त्याला वाटत होतं, आईने त्याचं ऐकलं. दुपारी त्या भिंतीकडे बघून कोण ओरडलं होतं, कोणते शब्द वापरले होते, ते मला सांगायला हवं होतं. त्या माउलीला स्वतःच्या मुलाचं लग्न एकदा निवांत बघायचं होतं. मेल्यावर का होईना, कोपऱ्यात खुर्ची टाकून. कुणाला त्रास न देता, दुकान बंद असताना. आणि तिला तिथूनही उठवलं ते मी.

मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, सकाळी ईश्वरचा फोन आला. आगारीला या म्हणाला. मामांना नाही, मला. नाही म्हणायचं तोंड नव्हतं. मी गेलो.

सातपुड्याच्या बाजूचं छोटं गाव. पत्र्याचं घर, शेणाने सारवलेली जमीन. कडुनिंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. आत भिंतीशी घागर भरून ठेवली होती. मागची भिंत कोरी. येणारा प्रत्येक जण आधी त्या भिंतीकडे बघायचा, मग ईश्वरकडे. एका म्हाताऱ्याने विचारलंच, "फोटो नही लाया का रे मायना?" ईश्वर म्हणाला, "नही, आबा." आणि मान खाली घातली.

मी दाराशी उभा होतो. जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

बाराचं ऊन माथ्यावर आलं. ईश्वरने निखाऱ्यावर तूप सोडलं. घास टाकण्याआधी त्याने मला जवळ बोलावलं. त्याला काही तरी विचारायचं होतं, आणि ते चारचौघांत नको होतं. मी उकिडवा बसलो.

"भाऊ, काल सकायले तुम्ही तिले पाहं ना? स्क्रीनवर?"

"हो."

"मन्हा डोयामा पानी व्हतं. नीट दिसनं नही. रोहिदास नानाकडे चष्मा नव्हता. आनि लगीनना दिन तर मी तिकडे पाहंच नही." त्याने घास हातात घेतला. "एवढंच सांगा. हासत व्हती का ती? का रडत व्हती?"

निखारे तडतडत होते.

मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. मी तापमान बघत होतो.

"हसत होत्या," मी म्हणालो. "खूप खूश दिसत होत्या."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला बघवेना. त्याने आईचं नाव घेतलं आणि घास निखाऱ्यावर टाकला. धूर सरळ वर गेला. बाहेर झोक्यावरचं गाणं थांबलं. कुणी थांबवलं नाही, आपोआपच.

आणि माझ्या पाठीवर गारवा आला.

त्या भट्टीसारख्या दुपारी. जणू कुणी उन्हाच्या मधे येऊन उभं राहिलं होतं. दाराच्या बाजूला, माझ्या अगदी मागे. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय सरकल्याचा आवाज झाला. लुगड्याचा काठ माझ्या खांद्याला लागला, की लागल्यासारखा वाटला, ते मी आता शपथेवर सांगू शकत नाही.

ईश्वर डोळे मिटून हात जोडून बसला होता. बाकी सगळे निखाऱ्याकडे बघत होते.

एकटा मी होतो, ज्याला मान वळवून बघता आलं असतं. ती हसतेय की रडतेय, एवढंच बघायचं होतं. मग त्याला खरं सांगता आलं असतं.

मी वळलो नाही.